म्हाताऱ्या कुत्र्याला शिकवताना: वाचकांचे प्रश्न

प्रश्न (कोथरूड): आमचा लॅब्राडोर ब्रुनो 9 वर्षांचा आहे. नोकरीमुळे त्याला कधी काही शिकवलं नाही, आता रिटायर झालेय तर वेळ आहे. पण 'सिट' म्हटलं की तो नुसता उभा राहून माझ्याकडे बघतो. घरचे म्हणतात जित्याची खोड, आता काय शिकणार हा. खरंच उशीर झालाय का?

उत्तर: नाही हो ताई, अजिबात नाही. या वयाचा कुत्रा उलट पिल्लापेक्षा शांत असतो, पिल्लाचं अर्धं लक्ष चपलेत नाहीतर पडद्यात. पण आधी मला सांगा, घरात गुळगुळीत टाइल्स आहेत का? कारण लॅब्जना या वयात कंबरेचा, गुडघ्यांचा संधिवात खूप कॉमन असतो, आणि निसरड्या फरशीवर मागचे पाय दुमडून बसायचं आणि परत उठायचं म्हणजे त्याला अक्षरशः दुखतं, तो हट्ट करत नाहीये, बिचारा टाळतोय. सकाळी उठताना अडखळतो का, जिना चढताना थांबतो का, तेवढं बघा आणि व्हेटला दाखवा. आणि प्लीज, घरातली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन स्वतःच्या मनाने देऊ नका, माणसाच्या या गोळ्या कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतात.

व्हेटने हो म्हटलं की जुनी योगा मॅट अंथरा आणि त्यावरच शिकवा. चिकनचा तुकडा नाकाजवळ धरून हळूच डोक्यावरून मागे न्यायचा, मान वर गेली की बूड आपोआप खाली येतं, टेकलं त्याच क्षणी 'शाब्बास' आणि तुकडा तोंडात. पाठ दाबून बसवायचं नाही. तीन-चार मिनिटं, दिवसातून दोनदा, जेवणाच्या आधी, बास. चिकन नुसतं उकडलेलं, मीठ-मसाला-कांदा काही नको, तुकडा शेंगदाण्याएवढा, आणि तेवढं जेवण कमी करा कारण वजन वाढलं की सांधे अजून बोंबलतात. बसणं दुखतच असेल तर बसवूच नका, तळहाताला नाक लावायला शिकवा, ते सगळ्यात सोपं आणि त्याला दुखत पण नाही.

आणखी एक, घरात कोणी 'सिट' म्हणतं, कोणी 'बस', कोणी 'बैस रे राजा', असं आहे का बघा. एकच शब्द ठरवा आणि तो फ्रिजवर लिहून लावा.

प्रश्न (सदाशिव पेठ): आमची राणी 11 वर्षांची. आधी एका हाकेला यायची, आता हाक मारली तरी पाठ फिरवून झोपलेली. बेल वाजली तरी उठत नाही. हट्टी झालीये का?

उत्तर: बेलला न उठणारी कुत्री हट्टी नसते, तिला बहुतेक ऐकूच येत नाहीये. ती जागी पण तुमच्याकडे पाठ करून असताना मागून टाळी वाजवून बघा, कान हलतात का. मळ किंवा इन्फेक्शन पण असू शकतं, ते व्हेट बघतील. आजपासून शब्दाबरोबर हाताची खूण सुरू करा, दोन्ही हात पसरले म्हणजे ये, तळहात समोर म्हणजे थांब. कुत्री आपल्या हातांकडे तशीही जास्त बघतात त्यामुळे हे पटकन जमतं, खरं तर कान शाबूत असतानाच सगळ्यांनी शिकवून ठेवावं. झोपेत मात्र हात लावून उठवू नका, दचकून चावू शकते, नाकासमोर खाऊ धरा, वासाने उठेल. आणि तळजाईला किंवा वेताळ टेकडीवर मोकळं सोडणं बंद, लांब दोरी बांधा. तिकडे मोर दिसला आणि ती पळाली तर तुमची हाक तिच्यापर्यंत पोचणार नाही, हे मी कळकळीने सांगतोय.

प्रश्न (सिंहगड रोड): सोसायटीतला साधारण 7 वर्षांचा गावठी कुत्रा घरी आणला. पट्टा दिसला की जमिनीला चिकटतो.

उत्तर: आयुष्यभर मोकळा फिरलेला आहे तो. ओढू नका. पट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस घ्या, दोन-तीन दिवस नुसता जेवणाजवळ ठेवा, मग घरातल्या घरात घालून लगेच खाऊ, मग दोरी, मग दारापर्यंत. जिना, लिफ्ट, ट्रॅफिक सगळ्यात शेवटी. रेबीजची लस आणि महापालिकेचं लायसन्स तेवढं करून टाका.

प्रश्न (औंध): 12 वर्षांची कुत्री अचानक घरात शू करायला लागली. परत टॉयलेट ट्रेनिंग कसं करू?

उत्तर: ट्रेनिंग नंतर, आधी लघवी आणि रक्त तपासा, याच आठवड्यात. किडनी, डायबेटिस, युरिन इन्फेक्शन काहीही असू शकतं. नसबंदीचं ऑपरेशन झालेलं नसेल आणि ती खूप पाणी पीत असेल, सुस्त असेल तर आजच जा, गर्भाशयात पू झाला असेल तर जिवाला धोका असतो. ओरडू नका, नाक तर अजिबात घासू नका. सगळं नॉर्मल आलं तर दर तीन-चार तासांनी बाहेर न्या आणि बाहेर केली की लगेच खाऊ. रात्री कोपऱ्यात जाऊन अडकते, उगाच भुंकते असं असेल तर तेही व्हेटला सांगा, माणसांसारखा कुत्र्यांनाही म्हातारपणी विसराळूपणा येतो.

प्रश्न (एरंडवणे): 8 वर्षांचा बीगल जेवताना टेबलापाशी भुंकून पोळी मागतो. आम्ही देत नाही, पण सासरे खालून देतात.

उत्तर: म्हणजे ट्रेनिंग झालंय की, सासऱ्यांनी केलंय! कधीतरी पोळी मिळते म्हणूनच तो भुंकत राहतो. सगळ्यांनी एकदम बंद केलंत तर आधी काही दिवस तो जास्त भुंकेल, तेव्हा नेमका कोणीतरी वैतागून तुकडा देतो आणि सगळं मुसळ केरात. सासऱ्यांना नाही म्हणू नका, त्यांचा जीव आहे त्याच्यावर. त्यांनाच सांगा, बाबा, तुम्हीच त्याला चटईवर बसायला शिकवा, तो चटईवर गप्प बसला की तुकडा तुमच्याच हातून, पण टेबलाखालून नाही, चटईवर जाऊन.