हात मोडला, आणि म्हणतात तो पडला

प्रश्न : डॉक्टर, शांततेत चाललेल्या मोर्चावर पोलिसांनी लाठीमार केला. माझ्या धाकट्या भावाचा हात मोडला, पाठीवर वळ उठलेत. पोलीस म्हणतात, तो पळताना पडला. मारणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट होतं, छातीवर नावाची पट्टी नव्हती. तक्रार करून काही उपयोग आहे का?
– एक बहीण

उत्तर : आहे. पण वेळ घालवू नका, वळ पुसट होत जातात. माझं सगळं आयुष्य न्यायवैद्यकात गेलं, म्हणून आधी शरीराचं बोलते.

गोल काठीचा जोराचा फटका बसला की त्वचेवर दोन समांतर रेघा उठतात आणि मधली पट्टी फिकी राहते. रक्त दोन्ही कडांना ढकललं जातं, तिथल्या बारीक वाहिन्या फुटतात. नुसतं सपाट जमिनीवर पडून असा वळ येत नाही. आता एक्स-रे बघा. तोल जाऊन पडणारा माणूस तळवा टेकतो, त्यामुळे हाड बहुधा मनगटाजवळ मोडतं. डोकं वाचवायला वर केलेल्या हातावर काठी बसली, तर करंगळीच्या बाजूचं हाड, अल्ना, मधेच मोडतं आणि शेजारचं पुष्कळदा शाबूत राहतं. तसं असेल तर ‘पडला’ हे म्हणणं डळमळतं. प्रत्येक वळाची जागा, लांबी, रंग रुग्णालयात लेखी नोंदवून घ्या. मोजपट्टी धरून फोटो काढा. व्हिडिओ मूळ फोनमध्येच जपा.

पण कुणी मारलं, हे जखम सांगत नाही. इटलीत जिनोव्हा इथे २१ जुलै २००१च्या रात्री पोलीस डियाझ शाळेत घुसले. जी-८ या आठ बड्या देशांच्या परिषदेविरुद्धचे निदर्शक तिथे मुक्कामाला होते. ६२ वर्षांचे आर्नाल्दो चेस्तारो भिंतीला टेकून, हात वर करून बसले होते. तरी मारलं. उजवं अल्ना, पायाचं हाड, बरगड्या मोडल्या. शाळेत ‘सापडलेले’ पेट्रोल बॉम्ब पोलिसांनीच आणून ठेवलेले निघाले. खोट्या कागदपत्रांबद्दल बड्या अधिकाऱ्यांच्या शिक्षा २०१२ मध्ये कायम झाल्या. मारहाणीचे गुन्हे मात्र मुदतबाह्य ठरले. चेस्तारोंना मारणारे हात कधीच ओळखले गेले नाहीत, कारण चेहरे झाकलेले होते आणि खात्यानं ओळख पटवायला मदतच केली नाही. याचा मला आजही संताप येतो. २०१५ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयानं त्या मारहाणीला छळ म्हटलं आणि पोलीस खात्याच्या असहकारावर स्पष्ट ठपका ठेवला. इटलीच्या कायद्यात छळाचा स्वतंत्र गुन्हा आला तो २०१७ मध्ये.

म्हणून ‘मारणारा कोण ते तुम्हीच सांगा’ असं कुणी म्हणालं तर गप्प बसू नका. त्या वेळी तिथे कोणती तुकडी होती, हुकूम कुणाचा होता, हे खात्याला माहीत असतं. बंदोबस्ताची यादी आणि बिनतारी संदेशांच्या नोंदी नष्ट होऊ देऊ नयेत, अशी मागणी तक्रारीतच लिहा. पोच घ्या. आणि एक्स-रेची प्रतच द्या, मूळ फिल्म कुणाच्याही हातात देऊ नका.