वहीत नाव लिहू दे

प्रिय बाळ,
सप्रेम सलाम.

"मावशी, दीड वर्ष झालं मिरजेत येऊन. दर रविवारी येतो, शेवटच्या बाकावर बसतो, आशीर्वाद झाला की निघतो. इथं माझं कुणी नाही. देवाने मला कशासाठी पाचारण केलंय तेच कळत नाही." असं तू चर्चच्या दारात म्हणालास. मागे माणसं खोळंबली होती, म्हणून मी नुसतं "बघू" म्हटलं. ते उत्तर नव्हतं. हे घे उत्तर.

पाचारण शोधत बसू नकोस. काम माग. ज्याच्यापुढे तुझं नाव लिहिता येईल आणि तू आला नाहीस तर कुणाचं तरी अडेल, असं काम. आपल्यावाचून कुणाचं तरी अडलं पाहिजे, बाळा. बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

तुझी तक्रार खरी आहे. आमच्या चर्चच्या मंडळीत निम्मी घरं एकमेकांची सोयरी. कुणी मिशनच्या शाळेत एका बाकावर बसलेले, कुणी हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये भिंतीला भिंत लावून वाढलेले. नगरहून आलेल्या पोराला "तुम्ही कुणाकडचे?" एवढं विचारतात आणि ओळखीचं आडनाव निघालं नाही की बोलणं संपतं. मला याचा राग येतो आणि मी तो चर्चचा कारभार बघणाऱ्या पास्टरेट कमिटीत बोलूनही दाखवलाय. पण त्यांनी तुझ्याशी बोलावं म्हणून तू किती रविवार वाट बघणार? नाताळच्या जेवणानंतर पातेली घासायला थांबलेल्या माणसाला "तुम्ही कुणाकडचे" असं कुणी विचारत नाही. "ते झाकण इकडे दे" म्हणतात. ओळख तिथून सुरू होते.

गिटार येते, गायनात घ्या, असंही म्हणालास. जरूर ये, गळा चांगला आहे तुझा. पण तू नसलास तरी गीत होतं. म्हणून ते आधी नको.

बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय पुन्हा वाच. यरुशलेमेतली मंडळी वाढली आणि रोजच्या वाटणीत ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांची आबाळ व्हायला लागली. कुरकुर झाली तेव्हा सात माणसं निवडली, ती पंगतीच्या कामासाठी. प्रेषितांनी त्यांच्यावर हात ठेवून प्रार्थना केली. स्तेफन त्यांतलाच. आपण त्याला हुतात्मा म्हणून आठवतो, पण त्याची नेमणूक वाढप्याची होती. तू मात्र नेमणुकीच्या आधीच पाचारण मागतोस.

आमचं शनिवारचं काम तू लांबून पाहिलं आहेस. डॉ. वानलेसांनी 1894 मध्ये मिशन हॉस्पिटल काढलं तेव्हापासून मिरज दवाखान्यांचं गाव झालं. आजही विजापूर, बेळगाव, जत, कोकण, कुठून कुठून लोक येतात. पेशंटला खाट मिळते. सोबतचा माणूस व्हरांड्यात चटई टाकतो आणि चहा-बिस्किटावर आठवडा काढतो. नर्सची नोकरी केली तेवढी वर्षं मी हे बघत होते. रिटायर झाल्यावर त्यांच्यासाठी कण्यांची पेज न्यायला लागले. आता आम्ही पाच-सहा जणं आहोत आणि कुठल्या शनिवारी कोण येणार ते लिहायची एक वही आहे.

त्यातल्या खाचाखोचा सांगून ठेवते, कारण तू येणार आहेस. कण्या आदल्या रात्री धुऊन ठेवायच्या. मीठ बेताचं, तूप शेवटी, लोणचं वेगळं. पेशंटला आपण घासभरही द्यायचं नाही. त्याने काय खायचं ते वॉर्डातली सिस्टर ठरवते, आपला डबा नातेवाइकांचा. वाढताना खाली बसायचं, उभ्याने वाढलं की माणूस संकोचतो. आणि त्याने म्हटल्याशिवाय प्रार्थना करायची नाही, पत्रकं तर मुळीच काढायची नाहीत. यावरून आमच्यात वाद झालेत. मी बधले नाही. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' नावाचा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला, तेव्हा बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोघेही त्यात घेतले होते. भुकेल्या माणसाच्या ताटाशी मी कुठलीही अट ठेवणार नाही, मग कुणी काहीही म्हणो.

हट्टी आहे म्हणतात मला. हो, आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये महापूर आला, सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांच्या वर गेली. 45 फुटांना धोक्याची पातळी, यावरून समज. आठवडाभर गाड्याच गाड्या आल्या, पाण्याच्या बाटल्या, बिस्किटं, चादरी. देणाऱ्यांची मनं मोठी होती, त्यांना मी नावं ठेवत नाही. पण पाणी ओसरलं आणि गाळ राहिला तेव्हा माणसं कमी पडली. गाळ ओला असतानाच फावड्याने ओढून, मागून पाणी मारत खराट्याने काढावा लागतो. वाळला की कुदळीशिवाय निघत नाही. सांगलीवाडीत एका म्हातारीच्या घरात आम्ही सलग तीन दिवस होतो. चौथ्या दिवशी आमच्या गटातल्या एकाला ताप होता, तो आला नाही. म्हातारी उंबऱ्यात उभी राहून विचारत होती, "तो उंच पोरगा कुठाय?" तोही तुझ्यासारखाच बाहेरगावचा, मंडळीत कुणाशी न बोलणारा. आज तो शब्बाथ शाळा, म्हणजे चर्चमधली मुलांची रविवारची शाळा, चालवतो. कुठल्या प्रवचनाने हे झालं नाही. त्याच्यावाचून तिथं अडलं होतं, एवढंच.

माझी थोरली म्हणते, "आई, तू सगळ्यांना दिलंस, आमच्या वाट्याला उरलं तेवढं आलं." हे ऐकून मला बरं वाटतं असं नाही. रात्रपाळी, घर, मग हे. तिच्या शाळेच्या गॅदरिंगला मी नव्हते, ही रुखरुख जाणार नाही. पण मी मुलींना सोबत नेत होते. ओटीत डबे घेऊन रिक्षात बसायच्या त्या. नवरा गेला तेव्हा घर भरलं होतं. जेवण कुणी आणलं, पाहुण्यांना स्टेशनवरून कुणी आणलं, दफनाची पावती कुणी केली, मला आजही नीट माहीत नाही. ते लोक माझे नात्यातले नव्हते, वहीतले होते. थोरलीला हे मी सांगितलंय. तिला पटलंय की नाही, ते ती बोलत नाही.

कमिटीत मागच्या वर्षी कुणीतरी सुचवलं, मावशींचं वय झालं, आता पैसे गोळा करून एखाद्या संस्थेला देऊ. हिशेबाने बरोबर आहे ते. मी नाही म्हटलं. पैसे दिले तर पेज पोचेल, पण तू शेवटच्या बाकावरच राहशील. आणि तुझ्यासारखी पोरं या गावात पुष्कळ आहेत, कुपवाडच्या कारखान्यांत, कॉलेजांच्या होस्टेलांत.

एकदा येऊन "छान वाटलं" म्हणून जाणारे मला नकोत. त्यांचं नाव मी वहीत घेत नाही. पहिल्या महिन्यात कंटाळा येईल. कुणी आभार मानणार नाही, एखादा पेज पातळ झाली म्हणून तोंड वाकडं करेल. तरी ये.

शनिवारी संध्याकाळी साडेपाचला चर्चच्या मागच्या फाटकाशी. तुझी मोटरसायकल आण, मोठं पातेलं रिक्षात सांडतं. या महिन्याचे उरलेले सगळे शनिवार तुझ्या नावावर लिहिलेत. जमणार नसेल तर शुक्रवारी दुपारच्या आत कळव, म्हणजे दुसरं माणूस बघता येईल.

तुझी,
मावशी