सुट्टीत कारखान्यात पाठवलं तर शिक्षण सुटेल का?

एसएसएलसीची, म्हणजे दहावीची, परीक्षा संपली की बेळगाव तालुक्यातले पालक हा प्रश्न घेऊन माझ्याकडं करिअरचा सल्ला घ्यायला हमखास येतात. मुलगा म्हणतो, निकाल लागेपर्यंत कुठंतरी काम बघून येतो. घरचे म्हणतात, एकदा हातात पैसा खेळला की पुस्तक सुटलं. ही भीती पोकळ नाही. उद्यमबाग, मच्छेच्या कारखान्यांच्या शेडमध्ये ‘सुट्टीपुरता’ म्हणून गेलेला आणि तिथंच राहिलेला एखादा तरी सगळ्यांच्या ओळखीत असतो.

येळ्ळूरकडच्या एका घरातलं सांगते, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून. मुलगा मराठी माध्यमाचा, गणितात बरा. काका फौंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, मोल्डर (साचे करणारे). पोराला ‘मेकॅनिकल’ करायचं होतं, पण म्हणजे नक्की काय, असं विचारल्यावर ‘मशीन’ यापुढं गाडी जाईना. वडील वैतागलेले. “मॅडम, बाकीची पोरं पीयूसीच्या (अकरावी-बारावीच्या) क्लासला जायला लागल्यात. ह्यो काकासंगं गेला तर शेठ फुकटात राबवून घेणार, दुसरं काय?”

फौंड्रीचा विषय मी तिथंच संपवला. ओतकाम कायद्यातल्या धोकादायक प्रक्रियांच्या यादीत आहे आणि बालकामगार कायद्याच्या २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ ते १८ वयाच्या मुलांना अशा ठिकाणी कामाला ठेवता येत नाही. ‘पगार कुठं देतोय, शिकायलाच आलाय’ ही पळवाट मी चालवून घेत नाही. भाजायचं ते पगार नसला तरी भाजतंच. धोका नसलेल्या कामातही या वयाला विश्रांती धरून दिवसाचे ६ तासच, आणि संध्याकाळी ७ ते सकाळी ८ काम नाही.

मग काकांच्याच ओळखीनं एक पॅटर्न शॉप निघालं, म्हणजे ज्याच्यावरून ओतकामाचा साचा घेतात तो नमुना (पॅटर्न) बनवायची जागा. मालकाशी आधीच बोलून घेतलं: ड्रॉइंगच्या टेबलापाशी बसायचं, व्हर्निअरनं (बारीक मापाच्या पट्टीनं) मापं घ्यायची, मशीनला हात लावायचा नाही, दुपारी घरी. पैसे नाहीत, बसभाडं तेवढं. वडिलांना हे पटलं नाही, पण नको म्हणायलाही कारण सापडेना.

पोरगा भेटायला आला तो वही उघडूनच. तिथल्या मिस्त्रींनी त्याच्यापुढं दोन स्टीलच्या पट्ट्या ठेवल्या होत्या आणि दोन्हीवरचे सेंटिमीटर जुळत नव्हते. याला वाटलं, एक पट्टी खराब आहे. खराब नव्हती, मुद्दाम तशी बनवलेली होती. ओतलेलं बीड (कास्ट आयर्न) थंड होताना मीटरमागं साधारण १० मिलिमीटर आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो, आणि मिस्त्री दर वेळी हिशेब करत बसू नयेत म्हणून पट्टीवरचं मापच वाढवलेलं असतं. शेकडेवारी त्याला शाळेत येत होतीच. ती लोखंडात असते, हे त्यानं तिथं पाहिलं. मिस्त्री कन्नडमधून सांगत, ड्रॉइंग इंग्रजीत, मालक मराठी. मार्कांपुरतं पाठ केलेलं कन्नड त्याला पहिल्यांदाच बोलावं लागलं.

उरलेला वेळ पॉलिश पेपर घासण्यात आणि डबे आणण्यात गेला. कंटाळा आला, हेही तो बोलला. मी ते वहीत लिहून घ्यायला लावलं. कुठल्या कामाचा कंटाळा येतो आणि कुठल्या कामात जेवायची आठवण राहत नाही, हे कल चाचणीच्या गुणांपेक्षा मला जास्त उपयोगी पडतं. (चाचण्या मीही घेते, फी पण घेते.)

काका नसलेल्यांनी काय करायचं? हिशेबाची आवड असेल तर टॅक्स कन्सल्टंटचं ऑफिस, कापडाची असेल तर वडगावात ओळखीच्या विणकराकडं साडीचं डिझाइन बघत बसणं. मोठ्या कंपनीचं नाव शोधू नका. लहान जागी मालक स्वतः बोलतो. मात्र आईवडिलांपैकी एकानं आधी जाऊन जागा बघून यावी.

या मुलानं पुढं मेकॅनिकल डिप्लोमा घेतला. तीन वर्षांचा डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, हे कळल्यावर वडिलांचा पीयूसीचा हट्ट गेला. त्यांची एकच तक्रार राहिली, शेठनं सर्टिफिकेट दिलं नाही. डिप्लोमाचा प्रवेश एसएसएलसीच्या गुणांवर होतो, तो कागद तिथं कुणी मागितलाही नसता, असं मी सांगितलं. “तरी पण द्यायला पायजे होतं,” म्हणाले.