कर भरून मोकळे व्हावे, की ट्रायब्युनलमध्ये जावे?

सप्रेम नमस्कार.

डिचोलीहून आलेले तुमचे पत्र दोनदा वाचले. 2021-22 मध्ये तुम्ही प्लॉट विकलात, 20 लाखांचा दीर्घकालीन नफा झाला. गोव्यातल्या कायद्याप्रमाणे तुम्ही 10 लाख स्वतःच्या आणि 10 लाख पत्नीच्या विवरणपत्रात दाखवलेत. त्यांनी आपल्या वाट्याचा 1 लाख 56 हजार करही भरला. विक्रीखतावर एकट्या तुमचे नाव, म्हणून आयकर अधिकाऱ्याने सगळा नफा तुमच्याच माथी मारला आणि 2 लाख 58 हजारांची मागणी काढली. 20 टक्के भरून वसुली थांबवलीत. पहिले अपील फेसलेस, म्हणजे समोरासमोर न येता ऑनलाइन चालणारे, होते, नोटिसा जुन्या ई-मेलवर गेल्या, उत्तर न गेल्याने ते फेटाळले. आता तुम्ही विचारता, एफडी मोडून उरलेले पैसे भरावेत आणि विषय संपवावा का?

पैसे भरा, पण विषय संपवू नका.

कर भरला की मागणी मान्य केली, असा समज सर्रास आहे. तसे काही नाही. भरूनही अपील चालते. आता तुमचा हिशेब बघा. उरलेल्या 2 लाख 6 हजारांवर महिना 1 टक्का व्याज चढते, वर्षाला सुमारे 24 हजार 700. वसुली थांबली तरी ते थांबत नाही. तेवढ्याच रकमेची एफडी 7 टक्क्यांनी साडेचौदा हजार देते, त्यावर पुन्हा कर. आज पैसे भरलेत आणि पुढे जिंकलात, तर परतावा महिना अर्धा टक्का व्याजासह मिळतो, म्हणजे एफडीपेक्षा वर्षाला दोनेक हजार कमी. न भरता हरलात, तर वर्षाला दहा हजारांहून जास्त खड्डा. जिंकण्याची खात्री असली तरी मी हा डाव खेळणार नाही. मात्र ती एफडी मुलीच्या यंदाच्या फीची असेल, तर आधी फी.

आणि ट्रायब्युनलमधले पुढचे अपील का सोडू नये? कारण तुमची बाजू भक्कम आहे. गोव्यात पोर्तुगीज नागरी कायद्याखालची पतिपत्नीची मिळकत सामाईक असते. पगार वगळता या मिळकतीचे उत्पन्न दोघांत निम्मे-निम्मे धरायचे, असे आयकर कायद्याचे कलम 5ए सांगते. 1994 मध्ये आलेले हे कलम 1 एप्रिल 1963 पासून लागू मानले आहे. गोवेकरांसाठी मुद्दाम केलेली ही तरतूद कुणी न वाचता बाजूला सारावी, याचा मला खरोखर राग येतो. त्याच 10 लाखांवर घरातून दोनदा कर जातो आहे.

आयकर अपिलीय न्यायाधिकरण, म्हणजेच हे ट्रायब्युनल, 25 जानेवारी 1941 रोजी सुरू झाले, तेव्हा दिल्ली, कलकत्ता आणि मुंबई अशी तीनच खंडपीठे होती. आज पणजीतही आहे, मुंबईची वारी नको. हे अर्थ मंत्रालयाच्या नव्हे, कायदा मंत्रालयाच्या अखत्यारीत येते. कर लावणाऱ्याच्या हाताखाली ते नाही. खंडपीठावर एक न्यायिक आणि एक लेखा सदस्य असतो. 50 लाखांपर्यंतच्या उत्पन्नाचे प्रकरण एकटा सदस्यही ऐकतो. वस्तुस्थितीबद्दल त्यांचा शब्द शेवटचा. उच्च न्यायालयात फक्त कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न घेऊन जाता येते. वादातला कर 2 कोटींहून जास्त असेल तरच तिथे अपील करायचे, अशी मर्यादा आयकर विभागाने स्वतःवर घातली आहे, त्यामुळे तुम्ही जिंकलात तर एवढ्या रकमेसाठी सहसा कोणी पुढे जात नाही.

खर्च म्हणाल तर फी 10 हजारांवर जात नाही; सीएने 40 हजार सांगितलेत. 50 हजार घालून अडीच लाख सोडवायचे, हे मला पटते. एक धोका सांगतो. तुमचे म्हणणे न ऐकता निकाल लागला असल्याने प्रकरण पुन्हा खाली पाठवले जाऊ शकते. मग वर्ष-दोन वर्षे आणखी. म्हणूनच व्याजाचे मीटर आधी बंद करायचे.

सीएकडे जाताना विवाह नोंदणीचा दाखला, विक्रीखत, दोघांची विवरणपत्रे आणि पत्नीचे चलान न्या. लग्नापूर्वी नोटरीकडे मिळकत वेगळी ठेवण्याचा करार केला होता का, हे आजच तपासा. तो असेल तर माझा सल्ला बदलेल. आदेश ज्या महिन्यात मिळाला, त्याच्या अखेरीपासून दोन महिन्यांत अपील दाखल व्हायला हवे. आणि पोर्टलवरचा ई-मेल आज रात्रीच बदला.