माळ्यावरची नळी आणि तिच्यासोबतचा गज

जुन्या वाड्याच्या माळ्यावर सापडलेली बंदुकीची 112 सेंमीची लोखंडी नळी आणि तिच्याशेजारचा गज (दारू-गोळी ठासायची सळई) शिवकालीन आहेत का, असं तुम्ही विचारलंय. मापं आणि फोटो नीट दिलेत, त्यामुळे बरंच सांगता येईल. पण आधी नळी भरलेली नाही ना ते पाहा. बंदुकीची काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनंतरही पेट घेते. लाकडाची बारीक काठी तोंडातून तळापर्यंत हळूच घाला, तोंडाशी खूण करा आणि तीच काठी बाहेरून नळीला लावा. टोक कानाच्या, म्हणजे दारू पेटवायच्या, छिद्रापर्यंत पोचलं पाहिजे. चार बोटं अलीकडेच थांबलं तर आत काहीतरी ठासलेलं आहे असंच धरा, आणि हात न लावता पोलिसांना बोलवा. लोखंडी गज आत घालू नका, ठिणगी पडू शकते.

आता नळी. मागचा भाग आठपैलू, तोंडाशी कमळासारखा फुगवटा, कान उजव्या बाजूला आणि त्याच्याखाली रंजकाची, म्हणजे पेटवायच्या बारीक दारूची, वाटी नळीलाच जोडलेली. ही आपल्याकडची तोड्याची, म्हणजे जळत्या वातीने पेटणारी, बंदूक, यात शंका नाही. पण तोड्याची म्हणजे शिवकालीन, ही समजूत सोडा. युरोपच्या सैन्यांत सतराव्या शतकाच्या अखेरीस तोडा मागे पडून चकमकीच्या गारेच्या ठिणगीने पेटणारी बंदूक आली. आपल्याकडे मात्र तोड्याच्या बंदुका एकोणिसाव्या शतकातही बनत आणि वापरात होत्या. रचना साधी, गावचा लोहारही दुरुस्त करू शके. शिवाय चांगली नळी कुणी टाकून देत नसे. दस्ता, म्हणजे नळी बसवलेला लाकडी भाग, मोडला की नवा बसवत. म्हणून दस्त्यावरून नळीचं वय काढू नका.

गंजात तिरक्या रेघा दिसताहेत. पट्टी पिळून, गुंडाळून सांधल्याची ती खूण. 'आईन-इ-अकबरी'त अशा पिळाच्या नळ्यांचं वर्णन आहे, म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीस ही रीत होती. पण ती पुढेही चालूच राहिली. त्यामुळे या रेघांवरून जुन्यात जुनी तारीख मिळते, नेमकी नाही. कानाच्या छिद्रात आटे पाडलेले असतील तर ती नंतर केपाची, म्हणजे ठोका बसताच पेटणाऱ्या छोट्या टोपीची, करून घेतलेली असणार, आणि केप युरोपात 1820 च्या दशकात रुळल्या. फोटोत आटे दिसत नाहीत, तरी भिंगाने पाहा.

मला खरा रस वाटला तो गजात. त्याचं बटणासारखं डोकं 17 मिमी आहे आणि तुमच्या नळीचं भोक 15 मिमी. तो आत जाणारच नाही! म्हणजे हा गज या नळीचा नव्हे. लांबी 99 सेंमी, म्हणजे 39 इंच. ईस्ट इंडिया कंपनीच्या 'इंडिया पॅटर्न' मस्केटची (सैनिकांच्या लांब बंदुकीची) नळी बरोबर 39 इंचाची असे आणि भोक सुमारे 19 मिमी. ब्रिटिश मस्केटांचे गज आधी लाकडी होते, अठराव्या शतकाच्या मध्यापासून ते पोलादी झाले. ब्रिटिश सैन्याने हा कंपनीचा नमुना त्या शतकाच्या शेवटच्या दशकात स्वीकारला. तेव्हा गज 1790 ते 1840 च्या दरम्यानचा असावा, असं माझं मत. दोन वेगळ्या बंदुकांचे अवशेष एकाच माळ्यावर एकत्र आले आहेत.

कृपा करून नळी घासू नका. एका गावी अशीच नळी पाहिली होती, घरच्यांनी ग्राइंडर मारून चकचकीत केलेली. त्यात कोरलेली अक्षरं जवळजवळ पुसून गेली होती, आणि मला फार वाईट वाटलं. मऊ ब्रशने धूळ काढा, पातळ तेलाचा हात फिरवा, बस.

शस्त्र कायदा 1959 नुसार, दुरुस्त करूनही चालवता न येणाऱ्या जुन्या शस्त्रांना सूट आहे, पण तुमची नळी त्यात बसते की नाही हे आपण ठरवायचं नसतं. जवळच्या ठाण्यात लेखी कळवून पोच घ्या.

नळीची खालची बाजू आणि मागचं टोक यांचे तिरप्या उजेडातले फोटो टाका. दस्त्यात झाकलेल्या भागावर एखादी खूण किंवा देवनागरी-फारसी अक्षरं टिकलेली असू शकतात, आणि तसं काही मिळालं तर वर्षांचा अंदाज बराच जवळ आणता येईल.