व्हँ जोनला अक्रोड आणि मेथीचा वास येतो, म्हणजे वाइन बिघडली आहे का?

नाही, जुराच्या या पिवळ्या वाइनला तोच वास यायला हवा. मेथीदाण्याचा वास ज्या सोटोलॉन नावाच्या संयुगामुळे येतो, तेच या वाइनमध्ये तयार होतं. अक्रोड आणि हिरव्या सफरचंदाची छटा असिटाल्डिहाइड या दुसऱ्या संयुगाची. मात्र व्हिनेगरसारखा नाकात झोंबणारा, नेलपॉलिशचा किंवा ओल्या पुठ्ठ्याचा वास असेल, तर बाटली खरोखर बिघडलेली आहे.

जुरा हा पूर्व फ्रान्समधला, बर्गंडी आणि स्वित्झर्लंड यांच्यामधला डोंगरी पट्टा. व्हँ जोन तिथल्या साव्हान्यँ या एकाच द्राक्षापासून बनते. एरवी पिंपातली वाइन बाष्पीभवनाने कमी झाली की वरून भर घालतात, कारण हवा लागली तर ती आंबते. इथे मुद्दाम भर घालत नाहीत. रिकाम्या जागेतल्या हवेमुळे वाइनवर दुधाच्या सायीसारखा यीस्टचा पातळ पापुद्रा धरतो. तो ऑक्सिजन वापरत राहतो आणि खालच्या वाइनला थेट हवा लागू देत नाही. या पापुद्र्याच्या कामातूनच तुम्हाला आलेला वास तयार होतो.

हे दरवेळी जमतंच असं नाही. पापुद्रा विरळ राहिला किंवा फाटला, तर ॲसिटिक जिवाणू शिरतात आणि व्हिनेगर व्हायला लागतं. म्हणून प्रत्येक पिंपाचे नमुने वेळोवेळी तपासतात आणि बिनसलेलं पिंप वेळेत बाजूला काढतात. उरलेल्या पिंपांना थांबावं लागतं: किमान 60 महिने पापुद्र्याखाली आणि एकूण सुगीनंतरच्या सहाव्या वर्षाच्या 15 डिसेंबरपर्यंत. म्हणजे 2018 ची द्राक्षं असतील तर 15 डिसेंबर 2024. एवढ्या काळात एका लिटरची साधारण 62 सेंटिलिटर उरते असं मानतात, म्हणून क्लाव्हलँ ही बुटकी बाटलीही तेवढ्याच मापाची. किंमत जास्त वाटते ती यामुळे, आणि माझ्या मते ती रास्त आहे.

इथल्या शातो-शालों गावाच्या नावाखाली फक्त व्हँ जोनच विकता येते. पीक निकषांत बसलं नाही तर त्या वर्षी हे नाव वापरतच नाहीत. 1974, 1980, 1984 आणि 2001 मध्ये असंच झालं. शेजारचं आर्ब्वा हे लुई पाश्चरचं गाव. वाइन का नासते याचा त्याचा अभ्यास बराचसा इथलाच. पुढे फिलॉक्सेरा किडीने इथल्या बहुतेक बागा संपवल्या. आजचं क्षेत्र त्या आधीच्या मानाने फारच लहान आहे. तरीही 1936 मध्ये फ्रान्समधल्या पहिल्याच संरक्षित नावांत, म्हणजे फक्त त्या भागातल्या वाइनलाच लावता येणाऱ्या नावांत, आर्ब्वा होतं.

आता तुमच्या बाटलीबद्दल. बहुतेकदा ती नुसती फार थंड असल्याने वास कोंदट आणि चव तुरट-आंबट लागते. 14 ते 16 अंशांवर प्या; फ्रिजमधून अर्धा-पाऊण तास आधी काढा. बूच मात्र काही तास आधीच उघडा. सोबत जुनं कोंते चीज किंवा साय घातलेलं चिकन उत्तम. मेथीदाण्याची फोडणी असलेला, पण कमी तिखट रस्साही चालतो. झणझणीत असेल तर वाइन कडवट लागते. उरली तर बूच लावून बाटली फ्रिजमध्ये उभी ठेवा. सहा वर्षं हवेशी झुंजलेली ही वाइन उघडल्यावरही काही आठवडे सहज टिकते, त्यामुळे एका बैठकीत संपवायची घाई करू नका.