साठीनंतर वर्षावनातल्या वन्यजीव प्रकल्पात स्वयंसेवक म्हणून काम करता येतं का?

तुम्ही लिहिलंय की वय 62 आहे, गुडघे अधूनमधून दुखतात, रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि आता दोन-तीन महिने जंगलात प्राण्यांसाठी काम करावंसं वाटतंय. पण घरचे म्हणतात, हे तरुण पोरांचं काम. घरच्यांची काळजी रास्त आहे, पण म्हणणं मला पटत नाही. मी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालो आणि नंतर तमिळनाडूत वालपराईच्या पठारावर वर्षावनाच्या रोपवाटिकेत काम करायला लागलो. आता दरवर्षी जातो. त्या अनुभवावरून सांगतो.

पोल्लाचीहून वालपराईला जाताना घाटात 40 अवघड वळणं लागतात. वर पोचलं की नजर जाईल तिथवर चहाचे मळे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इथलं वर्षावन तोडून चहा-कॉफी लावली गेली आणि मळ्यांच्या मधेमधे जंगलाचे तुकडे उरले. चहूबाजूंनी अनामलाईचा व्याघ्रप्रकल्प आहे. या तुकड्यांमध्ये सिंहपुच्छ माकडं, महाधनेश (मोठ्या चोचीचा धनेश पक्षी), आपलं शेकरू, सगळे तग धरून आहेत. सिंहपुच्छ माकड पश्चिम घाट सोडून जगात कुठेही रानात सापडत नाही. दिव्या मुडप्पा आणि टी. आर. शंकर रामन हे शास्त्रज्ञ नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशन या संस्थेतर्फे 2000 च्या सुमारापासून इथे मोडलेलं जंगल पुन्हा उभं करताहेत. मळेवाल्यांना सोबत घेऊन, तिथलीच झाडं लावून.

प्राण्यांसाठी काम म्हटलं की माणसांच्या डोळ्यांपुढे पिल्लाला बाटलीनं दूध पाजणं येतं. ते मनातून काढून टाका. धनेशाला फळं देणारं झाड हवं, माकडाला एका झाडावरून दुसऱ्यावर जाता यावं इतकी सलग सावली हवी. पुदुतोट्टम भागात माकडं रस्ता ओलांडताना गाड्यांखाली मरायची, म्हणून दोन्ही बाजूंच्या झाडांना बांधून वरून झुलते पूल टाकलेत. कळप त्यावरून जातो. पण खरा उपाय म्हणजे झाडं, आणि झाडांची सुरुवात बियांपासून.

आणि बियांच्या कामाला आपल्या वयाची माणसं फार चांगली. वर्षावनातल्या बऱ्याच झाडांचं बी धान्यासारखं वाळवून डब्यात ठेवता येत नाही. वाळलं की मेलं. फळ पडल्यावर थोड्या दिवसांत ते मातीत जायला हवं. म्हणून सकाळी रस्त्याच्या कडेनं हळूहळू चालत, खाली बघत, पडलेली फळं वेचायची. जंगलाच्या आतली वेचायची नाहीत, ती तिथेच रुजू द्यायची. डांबरावर पडलेल्याला नाहीतरी भविष्य नसतं. मग पाण्यात चोळून गर काढायचा, कारण गर राहिला की बुरशी धरते. रानात हे काम धनेश करतो: काळा धूप नावाच्या झाडाचं फळ गिळतो आणि टणक, टोकदार बी स्वच्छ करून दूर कुठेतरी टाकतो. आम्ही तेच टोपलीत करतो. प्रत्येक वाफ्यावर चिठ्ठी लावायची: झाड कोणतं, बी कुठे मिळालं, कधी पेरलं, कधी उगवलं. उगवायला काहींना महिनेच्या महिने लागतात, आणि चिठ्ठी हरवली तर एवढ्या दिवसांची माहिती गेली. आयुष्यभर नोंदवह्या ठेवलेल्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

रोपवाटिकेतल्या अक्का हे काम माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं करतात. पहिली दोन पानं फुटली की त्या झाडाचं नाव सांगतात. मला अजून चार पानांपर्यंत थांबावं लागतं. म्हणून एक आग्रहानं सांगतो: तिथे साहेब म्हणून जाऊ नका. शिकवायला नाही, हाताखाली काम करायला जा. थोडी तमिळ शिकून गेलात तर फारच उत्तम.

आता तब्येतीचं. रोपं लावायचं काम जून-जुलैच्या पावसात, निसरड्या उतारावर होतं. गुडघे दुखत असतील तर त्यात पडू नका, रोपवाटिकेचंच मागून घ्या. पावसात जळवा असतातच. मोज्यांवरून चढवायचे जाड कापडी जळूमोजे मिळतात, ते घ्याच. जळू चावलेली जागा एरवीही बराच वेळ वाहते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते जास्तच लांबतं, तेव्हा डॉक्टरांना हे नेमक्या शब्दांत विचारा. नुसतं "जंगलात जाऊ का" असं विचारू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. कर्नाटकात शिवमोग्याकडे किंवा आपल्या दोडामार्ग-सावंतवाडीकडे हिवाळा-उन्हाळ्यात काम करणार असाल तर माकडतापाची माहिती करून घ्या. तो गोचिडीतून होतो. आणि वालपराईत अंधार पडल्यावर पायी फिरायचं नाही. हत्ती मळ्यांतूनच ये-जा करतात. ते जवळ असले की लोकांना मोबाइलवर निरोप जातात, ठरलेल्या जागी लाल दिवे लागतात. दिवा लागला की मागे फिरायचं, फोटोसाठी थांबायचं नाही.

बोर्निओत ओरांगउटानसाठी जायचाही विचार आहे म्हणताय. जरूर जा, पण परदेशातले असे बरेच प्रकल्प स्वयंसेवकाकडून चांगले पैसे घेतात, म्हणून आधी एकच प्रश्न विचारा: प्राण्याला हात लावू देता का? "हो, मिठी मारून फोटोही काढता येईल" असं उत्तर आलं तर तिथे जाऊ नका. आपला सर्दी-खोकला ओरांगउटानला होतो आणि माणसाला सोकावलेलं पिल्लू पुन्हा रानात सोडणं कठीण जातं. पैसे घेतात यात गैर काही नाही. ते कशावर खर्च होतात ते मात्र विचारा.

इतकं लांब जायचं नसेल तर कोकणातही काम आहे. जानेवारीपासून पावसाच्या तोंडापर्यंत धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत शिरून ढोलीचं तोंड लिंपून घेते आणि नर फटीतून तिला भरवत राहतो. संगमेश्वर-देवरुखकडे माणसं अशा ढोल्यांवर लक्ष ठेवतात. लांब आडोशाला बसायचं, नर किती वाजता आला, कोणतं फळ आणलं, ते लिहायचं, आणि तासनतास गप्प राहायचं. मोबाइलशिवाय चार तास बसू शकणारी माणसं आता मिळत नाहीत हो. आपल्याला ते जमतं.

आधी आठवडाभर जाऊन बघा. जमलं तर दरवर्षी त्याच जागी, त्याच हंगामात जा. नवीन माणसाला शिकवण्यात तिथल्या लोकांचा वेळ जातो, दुसऱ्या वर्षापासून त्यांना तुमचा खरा उपयोग होतो. सगळ्याच संस्था बाहेरचे स्वयंसेवक घेत नाहीत, म्हणून आधी पत्र लिहा. त्यात वय, चालू असलेली औषधं, न थांबता किती चढ चढता येतो आणि नोकरीत काय करत होतात, हे स्पष्ट लिहा. निसर्गप्रेमावर परिच्छेद लिहायची गरज नाही. हिशेब, शिवणकाम, नकाशे, सुतारकाम, टायपिंग, जे येत असेल ते लिहा. तिथे या सगळ्याची गरज असते.